पिंजरेवाल्याने विणलेला झगा

ऑरिन पिटमन हा माझ्या थोरल्या बहिणीचा, हेझलचा, नवरा. त्याला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण झग्याची गोष्ट आता बेटावरचा जो तो आपल्या मनाने सांगत सुटलाय. ऑरिनचा जुना सोबती डेल्बर्ट तर अशी सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, निम्मा झगा ह्यानेच विणला. विणला डोंबल! माझ्या दुकानात शेगडीपाशी बसून तो फुकटची कॉफी पीत होता आणि टोमणे मारत होता, एवढाच त्याचा हातभार.

दुकान धक्क्याला लागूनच आहे. त्याच्या एका कोपऱ्यात पोस्टाची खिडकी, तीही मीच सांभाळते. त्यामुळे कुणाला कुठून पत्र आलं ते मला सगळ्यांच्या आधी कळतं, पण मी कुणाला सांगत नाही. फारसं सांगत नाही.

ऑरिनने पन्नास वर्षं समुद्रात पिंजरे सोडून शेवंडी धरल्या. बहात्तराव्या वर्षी खुब्याने दगा दिला, तेव्हा होडी विकली आणि स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसून पिंजऱ्यांची तोंडं विणायला लागला. पिंजऱ्याच्या आत निमुळती जाळी असते ना, शेवंड जिच्यातून आत शिरते आणि परत बाहेर पडू शकत नाही, ते तोंड. आता ती कारखान्यातून तयार येतात. पण आमच्याकडचे जुने लोक अजून ऑरिनकडूनच विणून घेतात, कारण त्याच्या जाळीतून आजवर एक शेवंड सुटलेली नाही, असं म्हणतात. असं तोच म्हणतो, आणि बाकीचे माना डोलावतात.

माणूस बोलायला कमी आणि कायद्याला पक्का. कायद्याच्या मापापेक्षा आखूड शेवंड कुणाच्या पेटीत दिसली तर महिनाभर त्याच्याशी बोलणं बंद. आणि खाचेच्या बाबतीत तर विचारूच नका. अंडी धरलेली मादी सापडली की तिच्या शेपटीच्या एका पाकळीला सुरीने त्रिकोणी खाच मारायची आणि तिला पाण्यात सोडून द्यायची. पुढे ती कुणाच्याही पिंजऱ्यात येवो, अंडी असोत नसोत, खाच दिसली की सोडायची म्हणजे सोडायची. आमच्याकडे हे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. ऑरिनच्या पिंजऱ्यात अशी एक खाचवाली अकरा वेळा आली होती. पाठीवर निळा डाग होता, म्हणून ओळखू यायची. तिला तो 'बाईसाहेब' म्हणायचा. कात टाकल्यावर खाच भरत आली की पुन्हा नीट कापायचा आणि हळूच पाण्यात ठेवायचा. फेकायचा नाही.

त्याची नात मार्नी तेव्हा आठ वर्षांची असेल, होडीवर त्याच्याबरोबर जायची. तिने विचारलं, "ग्रॅम्पी, ही सारखी सारखी का येते रे?"

"येते, खाते, जाते," ऑरिन म्हणाला. "पाहुणी आहे. तुझ्या पोटात का दुखतं?"

ही पोर त्याच्याकडे वाढली ती तिच्या आईमुळे. लोरीन, माझी भाची, मार्नी सहा वर्षांची असताना फेरीबोटीने बेट सोडून गेली. नोकरी लागली की पोरीला घेऊन जाते म्हणाली. पहिल्या नाताळला आली, दुसऱ्या नाताळला फोन आला, तिसऱ्याला नुसतं कार्ड. ते कार्ड माझ्याच खिडकीतून गेलं म्हणून मला ठाऊक. ऑरिनने मुलीबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. पण तेव्हापासून फेरीबोटीची वेळ झाली की तो धक्क्यावरून उठून घरी जायचा. बारा वर्षं. कुणी विचारायला गेलं नाही, आणि गेलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

यंदा फेब्रुवारीत मार्नीला जाड पाकीट आलं. प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका शाळेत तिला जागा मिळाली होती, नाटकांचे कपडे शिवायला शिकवतात तिथे. पोरीच्या हातात जादूच आहे. माझ्या थंडीच्या कोटाचं अस्तर तिने बदललंय ते मूळच्यापेक्षा चांगलं आहे. पाकिटात एक फॉर्म होता. पालकाची सही करून पंधरा जूनच्या आत परत पाठवायचा. सही नाही तर जागा नाही. मार्नीने तो फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑरिनपुढे ठेवला. ऑरिनने तो वाचला, शेवंडी मोजायची आपली पितळी पट्टी त्यावर ठेवली आणि जाळी विणायला लागला. ना हो, ना नाही. फॉर्म पट्टीखाली तसाच पडून राहिला. मार्नी रोज सकाळी त्या टेबलावर नाश्ता करायची आणि तिरक्या नजरेने पट्टीकडे बघायची. पोरगी स्वाभिमानी, दुसऱ्यांदा विचारायला तयार नाही. आजोबा हट्टी, बोलायला तयार नाही. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

मार्चमध्ये त्या सिनेमावाल्यांचा बक्षीससमारंभ झाला. त्यात इसाडोरा व्हेन नावाची नटी लाल गालिच्यावरून चालली तो झगा! अख्खा सोनेरी जाळीचा, छातीपासून गुडघ्यापर्यंत अंगाला चिकटलेला, गुडघ्यापासून खाली फाकलेला, मागे पंधरा फुटांचा घोळ. मानेमागे पंख्यासारखी उभी कॉलर, आणि जाळीच्या घराघरात मोती. दुसऱ्या दिवशी मार्नी माझ्या दुकानात फोन हातात घेऊन उभी. "आँट व्हर्ना, बघ तर खरं! ग्रँड मार्चला असं काही घालायला मिळालं तर मी मरायला मोकळी."

ग्रँड मार्च म्हणजे शाळेच्या शेवटच्या नाचाआधीची मिरवणूक. मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी पोरं नटूनथटून जोडीने सभागृहातून चालतात, नावं पुकारली जातात, आणि अख्खं बेट खुर्च्या मांडून बघायला बसतं. यंदा चालणारी पोरं चार. बघणारे एकशे सत्तर.

ऑरिन तेव्हा सुतळी घ्यायला आला होता. त्याने चष्मा लावला, फोन नाकापाशी धरला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "हे तर पिंजऱ्याचं तोंड आहे."

"ग्रॅम्पी!" मार्नी ओरडली.

"तोंडच आहे. वर रुंद, खाली निमुळतं. तेवढं शेपूट जास्तीचं. यात काय मोठंसं?"

शेगडीपाशी डेल्बर्टला आयतंच सापडलं. "मग वीण की! का नुसतीच बोलाची कढी?"

"विणतो," ऑरिन म्हणाला आणि सुतळीचे आठ गुंडे जास्त घेतले.

"हात दाखवून अवलक्षण," मी म्हटलं. "अरे, तो झगा आहे, पिंजरा नाही. तीस कारागीर बसले होते म्हणे त्याला."

"तिसांना येत नसेल," ऑरिन म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं स्वयंपाकघर बघण्यासारखं झालं. मार्नीची मापं त्याने दोरीला गाठी मारून घेतली. छातीची एक गाठ, कमरेची एक, गुडघ्याची एक. शिंप्याची टेप दिली तर हातात धरेना. सुतळीला सोनेरी रंग हवा म्हणून कांद्याची सालं उकळायची ठरलं, तर माझ्या दुकानातले पोतंभर कांदे सोलून नेले. पुढे दोन आठवडे मी बोडके कांदे विकले आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. मोत्यांसाठी चर्चमधल्या बायकांनी आपापल्या खोट्या मोत्यांच्या माळा तोडून दिल्या. ज्या रूथ गॉडिंगने हेझलशी वीस वर्षं अबोला धरला होता, तीसुद्धा तिपेडी माळ घेऊन आली आणि दारातच ठेवून गेली. कॉलर पिंजऱ्याच्या तारेची. आणि घोळ इतका लांब झाला की स्वयंपाकघरातून निघून बैठकीच्या खोलीतून जिन्यापर्यंत जायचा. वर सगळ्याला पिंजऱ्यात चारा म्हणून घालतात त्या हेरिंग माशाचा वास! ऑरिनच्या सुतळीला तो असतोच. मार्नीने तीन दिवस झगा बाहेर दोरीवर टांगला, तर समुद्रपक्षी दोरी सोडेनात.

हसू यायचं मला, पण मनात खटकतही होतं. कारण फॉर्म तिथेच होता, पट्टीखाली. एके दिवशी मार्नी शाळेत असताना मी कॉफी ओतता ओतता विचारलंच.

"ऑरिन, खरं सांग. झगा देऊन पोरीला थोपवायचा बेत आहे ना तुझा?"

त्याची सुई थांबली नाही. "तिला काय हवंय ते इथेही होतं, एवढं कळावं तिला."

"आणि सही?"

"बघू."

"बघू म्हणे! काय बघणार आहेस? पंधरा जून उलटून गेलेला?"

त्याने पुढची गाठ आवळली. मीही कॉफीचं भांडं जरा जोरातच आपटलं. माझ्या बहिणीचा नवरा आहे, जीव आहे त्याच्यावर, पण त्या दिवशी वाटलं, सुतळीनेच बांधून ठेवावं ह्याला.

ग्रँड मार्चच्या आधीच्या बुधवारी दुपारी झगा अंगावर घालून बघायचं ठरलं. मी दुकानाला कुलूप लावून गेले. मार्नीने आतला पातळ झगा घालून दोन्ही हात वर केले, आम्ही दोघांनी वरून जाळी सोडली. सर्रकन खाली उतरली. छातीला छाती, कमरेला कमर, गुडघ्याला गुडघा. गाठींची मापं तंतोतंत. अगं बाई, काय दिसत होती पोर! मी कपाटाचा आरसा तिच्यासमोर ओढला, आणि ती स्वतःला बघून तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली. ऑरिन खुर्चीत मागे रेलून बसला. इतका खूश मी त्याला हेझल वारल्यापासून पाहिला नव्हता.

मग मार्नी म्हणाली, "काढते आता, चुरगळेल."

कसलं काढतेय! आम्ही खालून वर ओढलं, तर जाळी लांब झाली आणि अंगाला आवळली. जास्त ओढलं, जास्त आवळली. खाली ओढून पाहिलं, तर कमरेची जाळी खुब्यांवरून उतरेना. पाठीला ना चेन, ना बटण, ना हुक. चित्रात दिसत नव्हतं म्हणून त्याने ठेवलंच नव्हतं. पन्नास वर्षांत त्याने आत जायचा रस्ताच विणला होता. बाहेर यायचा कुणी मागितलाच नव्हता.

आधी आम्ही हसलो. मी साबण आणला, लोणी आणलं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मार्नीचा चेहरा लाल झाला, श्वास आखडायला लागला. मी घाबरले. आणि तेव्हा तिच्या तोंडून निघालं ते. तीन महिने जे गिळलं होतं ते सगळं.

"तुला एवढंच येतं, ग्रॅम्पी! आत घ्यायला येतं. बाहेर सोडायला येत नाही!"

 ऑरिन उठला. खुब्याला धरत ड्रॉवरपर्यंत गेला, सुरी काढली. ह्या माणसाने जन्मात कधी चांगली जाळी कापलेली नाही. फाटली तरी तासभर बसून गाठ सोडवील, पण सुरी लावणार नाही. तो मार्नीच्या मागे गुडघ्यावर बसला, तिच्या पाठीला धक्का लागू नये म्हणून दोन बोटं जाळीखाली घातली आणि मानेपासून गुडघ्यापर्यंत एकेक घर कापत गेला. अकरा आठवड्यांचं काम. शेवटचं घर कापेपर्यंत थांबला नाही.

मार्नी बाहेर आली आणि वर आपल्या खोलीत निघून गेली. ऑरिन तसाच जमिनीवर बसलेला, मांडीवर कापलेला झगा. मी त्याला उठवायला गेले तर म्हणाला, "व्हर्ना, लोरीन त्या पहिल्या नाताळला येऊन परत निघाली, तेव्हा मी काय म्हणालो होतो माहीत आहे? गेलीस तर परत येऊ नकोस, असं म्हणालो होतो."

बारा वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. मला, जिला सगळं ठाऊक असतं! मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. मग दोघांनाही उठता येईना, ते वेगळंच.

गुरुवारी सकाळी मार्नी खाली आली. डोळे सुजलेले, पण हातात शिवणाचा डबा. कापलेल्या कडा तिने पाहिल्या आणि म्हणाली, "फेकू नकोस. दे इकडे." पिंजऱ्याच्या बारीक तारेच्या कड्या तिने दोन्ही कडांना एकाखाली एक बसवल्या आणि त्यांतून सोनेरी सुतळी उलटसुलट ओवली. ओढली की बंद, सैल केली की झगा उघडा. ऑरिन दोन दिवस शेजारी बसून तिच्या बोटांकडे बघत राहिला. मध्ये एकदा म्हणाला, "तिथे दुहेरी गाठ मार." मार्नी म्हणाली, "दुहेरी मारली तर सुटणार कशी?" ऑरिनने मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाला. ऑरिन पिटमनने गाठीच्या बाबतीत दुसऱ्याला बरोबर म्हटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. फॉर्मचा विषय मात्र कुणी काढला नाही.

शनिवारी सहा वाजता सभागृह गच्च. चर्चच्या मधल्या वाटेवरचा लाल गालिचा उसना आणून अंथरला होता. पहिल्या रांगेत नेहमीप्रमाणे जुने शेवंडवाले, डेल्बर्ट, मर्ल आणि बाकीची गँग. ऑरिन रांगेच्या टोकाला, इस्त्रीच्या शर्टात. मी त्याच्या शेजारी. आदल्या संध्याकाळी घोळाची नीट घडी घालतो म्हणून झगा त्याने एकट्याने आपल्या खोलीत नेला होता, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं.

नाव पुकारलं, "मार्नी पिटमन!" आणि ती आत आली. मर्लचा नातू टोबायस तिच्या हाताला हात देऊन, बिचारा घोळावर पाय पडू नये म्हणून बगळ्यासारखा चालत होता. पण त्याच्याकडे बघतंय कोण! दिव्यांत ती जाळी अशी झळाळली की मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. रूथ गॉडिंग ओरडली, "ते माझे मोती!" डेल्बर्ट शिट्ट्या वाजवत होता. पोरगी आमच्या समोरून गेली, तिच्या मागून तो पंधरा फुटांचा घोळ सरपटत निघाला.

आणि मग पहिली रांग गप्प झाली.

आधी मर्ल गप्प झाला. त्याने डेल्बर्टला कोपर मारलं, डेल्बर्टची शिट्टी अर्ध्यात राहिली. मी वाकून पाहिलं. घोळाच्या अगदी टोकाला, उजव्या बाजूला, त्रिकोणी खाच. नीट, स्वच्छ, सुरीने कापलेली. मर्लने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मागोमाग एकेकाने काढली. मागच्यांना काय झालं ते कळेना, मग कुजबुज मागे मागे सरकत गेली आणि अख्खं सभागृह शांत झालं.

मार्नीला वाटलं, काहीतरी फाटलं. ती थांबली, वळली, घोळ हातात ओढून घेत टोकापर्यंत आली. खाच दिसली. तिने त्यात बोट घातलं आणि तशीच उभी राहिली. मग आमच्या दिशेने आली.

"ग्रॅम्पी, शेपूट कापलंस?"

"खाच मारली."

"का?"

का ते तिला ठाऊक होतं. त्या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मी तिच्या जागी असते तर मलाही ऐकायचं असतं. ऑरिन उठून उभा राहिला, एका हाताने माझा खांदा धरून.

"कायदा आहे," तो म्हणाला. "खाचवालीला कुणी ठेवायचं नसतं. मीसुद्धा."

मार्नीने त्याच्या गळ्यात हात टाकले. तारेची कॉलर माझ्या कानात घुसली, पण मी हलले नाही, त्यामुळे ती त्याच्या कानात काय बोलली ते मी ऐकलं.

"येईन, खाईन, जाईन."

 ऑरिनने तिच्या मानेमागची वाकलेली कॉलर सरळ केली. मग म्हणाला, "चाऱ्याचं मी बघतो."

सोमवारी सकाळी तो स्वतः खिडकीपाशी आला. फॉर्म पाकिटात घालून आणला होता, पाकिटाला हेरिंगचा वास. आणि त्याच्याबरोबर दुसरं एक पाकीट, वर लोरीनचा पत्ता. मी दोन्हींवर शिक्के मारले, ती टपालाच्या पिशवीत टाकली आणि पिशवी धक्क्यावर नेऊन ठेवली. दहाची फेरीबोट लांबून दिसायला लागली होती. ऑरिन पिशवीशेजारच्या पेटीवर बसला आणि बोट येऊन पिशवी घेऊन जाईपर्यंत तिथेच बसून राहिला.